तळाचा रंग

उत्तनजवळच्या पाली या मच्छीमार गावात नवखा माणूस आला की आधी तो अरुंद गल्ल्यांत समोरून येणाऱ्या स्कूटरींना वाट देता देता हैराण होतो, आणि मग त्याचं लक्ष रंगांकडे जातं. एका घराचं दार खालून अर्धं पोपटी, वरून अर्धं जुनं तपकिरी. एका ओट्यावर पिवळाधमक स्टूल. बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या रांगेत एकच बांबू जांभळा, बाकीचे बांबूच्या रंगाचे. कुणाच्या स्कूटरचं नुसतं मागचं मडगार्ड नारिंगी. हे कोणी केलं असं विचारावं, तर गावातलं कुणीही हसून सांगणार, "टीचरचं होमवर्क हाय ते."

टीचर म्हणजे लूर्डस टीचर. वय बासष्ट. घराच्या पुढच्या खोलीत चौतीस वर्षं बालवाडी चालवलेली. लग्न केलं नाही. आई अंथरुणाला खिळली होती, भाऊ आखातात गेला तो तिकडचाच झाला, आणि आई गेली तेव्हा टीचरांचं वय निघून गेलं होतं. याबद्दल त्यांना कधी कुणी हळहळताना पाहिलं नाही, आणि दुसऱ्या कुणी हळहळायला सुरुवात केली की त्या त्याला दारापर्यंत पोचवून यायच्या. प्रेमळ वगैरे म्हणावं अशा त्या नव्हत्याच. खडूस होत्या. पण पालीतल्या बायका पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघाल्या की पोरं आपणहून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची, दार उघडायच्या आधी. आता यावरून काय ते समजा.

रंग शिकवण्याची त्यांची एक तऱ्हा होती आणि त्या तऱ्हेचा त्यांना भयंकर अभिमान होता. दर पंधरा दिवसांनी वर्गात एक पाहुणा यायचा. सोमवारी सकाळी टेबलावर काचेची बरणी, तिच्यावर पांढरा रुमाल. रुमाल उचलला की रंग. त्याचं नाव मात्र सांगायचं नाही. पोरांनी आधी दोन दिवस नुसतं बघायचं, मग हात बुडवायचे. ब्रश टीचरांना मान्य नव्हता. रंग आणि हात यांच्यामध्ये दलाल कशाला, असं त्या म्हणायच्या. पोरं हातांनी, कोपरांनी, एखादं तर नाकानंसुद्धा जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रांवर रंगवायची, आणि चौथ्या दिवशी, रंग नखांत जाऊन बसला की टीचर त्याचं नाव सांगायच्या. "आधी ओळख, मग नाव. माणसाचंपण असंच असतं," हे वर.

आणि पाहुणा निघायच्या दिवशी होमवर्क. घरातली एक वस्तू त्या रंगानं रंगवून यायची. वस्तू पोरानं निवडायची आणि आईबापांनी नाही म्हणायचं नाही. नियम म्हणजे नियम. कुणाच्या वडिलांनी कुरकुर केली तर टीचर त्याच्या तोंडावर विचारायच्या, "तू स्वतः काय निवडलं होतंस, सांगू का सगळ्यांसमोर?" कारण बहुतेक बापसुद्धा त्याच खोलीतून शिकून गेलेले. ओट्यावरचा तो पिवळा स्टूल सॅम्युएलचा. चार वर्षांचा असताना त्यानं आजीचा बसायचा स्टूल निवडला होता, आणि रंग वाळायच्या आत आजी त्यावर बसली होती. तिच्या स्कर्टवरचा डाग सगळ्या चर्चनं पाहिला. पुढे सॅम्युएल मोठा झाला, बोटीवर गेला, व्हेनेसाशी लग्न केलं, मुलगी झाली, पण टीचर रस्त्यात दिसल्या की तो अजून हात मागे लपवायचा. हातांना रंग लागलाय असं त्याला वाटायचं की काय कोण जाणे.

त्याची मुलगी ॲलिशा गेल्या जूनमध्ये टीचरांकडे आली. चार वर्षांची, केस कुरळे, हट्ट बापाच्या दुप्पट. लाल झाला, पिवळा झाला, आणि जुलैच्या मध्यावर निळा पाहुणा आला. निळ्यानं ॲलिशाला वेडच लावलं. ती बरणीपाशीच बसायची. नाव सांगायच्या दिवशी टीचरांनी सगळ्या पोरांना ओट्यावर उभं केलं, समोर समुद्राकडे बोट दाखवलं आणि सांगितलं, "निळा." पावसाळ्यातला समुद्र खरं तर तेव्हा गढूळ मातकट होता, पण पोरांनी विश्वास ठेवला. लूर्डस टीचरांच्या शब्दावर पालीत अविश्वास कोण ठेवणार?

जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वाळूवर ओढलेल्या, खरवडणं, डांबर, रंग, सगळी कामं तेव्हाच चालतात. ॲलिशानं होमवर्कला काय निवडावं? बोट. बापाची अख्खी बोट.

सॅम्युएल खूश. तो निळ्या रंगाचा मोठा डबा घेऊन आला आणि टीचरांना बोलवायला स्वतः गेला. "टीचर, चला. तुमचं आजपर्यंतचं सगळ्यात मोठं होमवर्क." टीचरांनी साडी बदलली. अभिमान काही लपत नव्हता. किनाऱ्यावर बोट उलटी करून टेकवली होती. दोन्ही बाजू निळ्या झाल्या होत्या. तळ अजून खरवडलेला, उघडा. पालीतल्या सगळ्या बोटींचा तळ लाल असतो. दुसरा रंग तळाला कुणी लावलेला कुणाच्या आठवणीत नाही.

सॅम्युएलनं लाल डबा उघडला मात्र, ॲलिशा वाळूत बसली आणि तिनं भोकाड पसरलं. "सगळी निळी! सगळीच!"

जवळच बावतीस म्हातारा जाळं शिवत बसला होता. पंचाहत्तरीचा, आयुष्य समुद्रावर गेलेला. तो मान वर न करता म्हणाला, "तळ लालच र्‍हातो."

"पण का?" टीचरांनी विचारलं.

म्हातारा थुंकला. बोटीकडे बघितलं, टीचरांकडे बघितलं. मग म्हणाला, "तसाच असते."

आता हे समजून घ्यायला हवं. बोट वाळूवर असताना, तिच्यासमोर, ती उलटेल असं कुणी तोंडानं बोलत नाही. बोलणाऱ्याची जीभ जड होवो असंच गाव म्हणतं. बावतीसला कारण ठाऊक होतं, पण ते बोटीला ऐकू जाईल अशा जागी सांगणं त्याच्या बापाला जमलं नव्हतं, त्यालाही जमलं नाही. आणि लूर्डस टीचर? त्यांचं घर समुद्रापासून शंभर पावलांवर, पण बोटीवर त्या कधी चढल्या नव्हत्या. 'तसंच असतं' या उत्तराचा त्यांना जन्मभर तिटकारा. पोरांना त्या हे उत्तर कधी देत नसत.

सॅम्युएल दोन डब्यांमध्ये उभा होता. तेहेतीस वर्षांचा बाप्या, दाढीत निळे थेंब. त्यानं मान वळवून विचारलं, "टीचर, काय करू?"

"अरे, तळ कोण बघायला जातंय? पाण्याखालीच असतो ना?" टीचर म्हणाल्या. "पोरीनं बोट निवडली म्हणजे अख्खी बोट. नियम म्हणजे नियम."

सॅम्युएलनं लाल डब्याचं झाकण लावलं. व्हेनेसा जवळच उभी होती, ती हसली. टीचरांनी स्वतः ॲलिशाचा हात निळ्यात बुडवून तळावर दाबला. पाच बोटांचा जाड ठसा उमटला. त्याच्याभोवतीनं सॅम्युएलनं उरलेला तळ निळा केला. बावतीस जाळं गोळा करून उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

सप्टेंबर संपता संपता ती बोट गेली. सॅम्युएल आणि त्याचा चुलतभाऊ कार्ल, दोघेच होते. दुपारी वारा उठला, बाकीच्या बोटी परतल्या, ही परतली नाही. दोन दिवस पाली गाव किनाऱ्यावर उभं होतं. चूल पेटली ती चहापुरती. टीचर व्हेनेसाजवळ बसून होत्या, आणि ॲलिशा दोघींच्या मध्ये. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या गावच्या एका बोटीनं कार्लला आणलं. मागे दोरीला बांधून निळी बोट ओढत आणली, तशीच उलटी. सॅम्युएल नव्हता.

कार्ल चार दिवसांनी बोलला. व्हेनेसाच्या घरी दुपारची रोझरीची प्रार्थना झाली होती, बायका अजून बसलेल्या, टीचर कोपऱ्यात. ॲलिशा आत्याच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. कार्लचे ओठ मिठानं फाटलेले होते. त्याला कुणी विचारलं नाही, तो आपणच बोलायला लागला.

"रातभर आमी तळाला धरून व्हतो, दोघंबी. सॅम चांगला व्हता. गानी बोलत व्हता. सकाळी मोठी बोट आयली. लांब न्हाय, हितनं चर्च हाय ना, तवढ्यावर. आमी बोंबललो. शर्ट काढून हलवला. एक मानूस कडेला उभा व्हता, आमच्याकडंच तोंड करून. मी त्याची टोपी बघितली. पन त्याला आमी काय दिसलो न्हाय. निळ्या पान्यात निळा तळ. लाल असता तर..." त्यानं फाटक्या ओठांवर हात फिरवला. "सॅम बोलला, त्यांना आपुन दिसत न्हाय, मी पोहत जातो. मी बोललो नको. तो गेला."

बावतीस म्हातारा दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "म्हनून लाल असते." इतकंच. आता सांगायला हरकत नव्हती.

कुणीही टीचरांकडे पाहिलं नाही. कोणाच्या मनातसुद्धा आलं नसेल. पण लूर्डस टीचरांना आपलाच आवाज ऐकू आला, तळ कोण बघायला जातंय. त्या उठल्या, घरी आल्या, निळी बरणी उचलली आणि कपाटावर सगळ्यात मागे सारली. वर रुमाल टाकला. मग पुढच्या खोलीत, पोरांच्या बुटक्या बाकावर बसून त्या रडल्या. आई गेली तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट. पोरीला कळता कामा नये. निळा रंग तिनं मागितला होता हे ती विसरेल, चार वर्षांच्या पोराला काय आठवतं, असं त्या स्वतःला सांगत. पण कुणी कधी बोललं तर? उद्या शाळेत, परवा लग्नात, कुणी एखादी चोंबडी बाई, तुझ्याच हट्टापायी गेला गं तुझा बाप? स्वतःचं जे व्हायचं ते होवो. पोरीवर हे ओझं येता कामा नये.

म्हणून वर्गातून निळा गेला. आता निळा गेला म्हणजे काय काय जातं ते बघा. निळ्याशिवाय हिरवा होत नाही, जांभळा होत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर खरं तर रंग एकमेकांत मिसळायचे दिवस, पोरांच्या सगळ्यात आवडीचे. टीचरांनी लाल आणि पिवळाच पुन्हा बोलावले. पोरांनी नारिंगी माड काढले, नारिंगी झाडं, नारिंगी मासे, नारिंगी समुद्र. एका पोरानं विचारलं, "टीचर, निळा पाहुना कवा येनार?" टीचर म्हणाल्या, "गावाला गेलाय." चौतीस वर्षांत पोरांशी त्या पहिल्यांदा खोटं बोलल्या.

ॲलिशा महिन्यानं परत वर्गात आली. बोलायची कमी. टीचर धास्तावलेल्या, आज विचारेल, उद्या विचारेल. पण तिनं निळा मागितलाच नाही. ती थेट लाल बरणीपाशी जाऊन बसली आणि दोन्ही हात मनगटांपर्यंत बुडवले. टीचरांनी सुटकेचा श्वास सोडला. विसरली. देवा, विसरली पोरगी.

नोव्हेंबरात, मृतांचा दिवस झाल्यावर, टीचर व्हेनेसाकडे गेल्या. सॅम्युएलला कबर नव्हती. व्हेनेसानं मेणबत्त्या किनाऱ्यावर, उलट्या बोटीच्या आडोशाला लावल्या होत्या. बोट तिथेच होती, कुणी हात लावत नव्हतं. व्हेनेसा ओट्यावर पिवळ्या स्टुलावर बसून सुके बोंबील निवडत होती. टीचर उभ्याच राहिल्या.

"व्हेनेसा, तळाचं मी बोलले होते."

"ठावं हाय," व्हेनेसा म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "मी हुती ना तिथं. मीपन हसली."

"सॅमनं मला विचारलं होतं. त्यानं मला विचारलं, बावतीसला नाही. माझ्याकडे शिकलेला ना. मी जर..."

"टीचर." व्हेनेसानं हातातला बोंबील टोपलीत टाकला. "तुमच्यावर रागवू का नको, मला अजून कळत न्हाय. एखाद्या दिवशी लय राग येतो. मग वाटतं, तो सोता काय बारका पोर व्हता? मग त्याचाच राग येतो. मग मी रडते. रोज असंच." तिनं दुसरा बोंबील उचलला. "पन पोरीला कळाचा न्हाय. तेवढा तुमी सांभाळा. ती दिवसभर तुमच्याकडं असते."

"माझ्याकडून नाही कळणार," टीचर म्हणाल्या.

व्हेनेसानं त्यांना बस म्हटलं नाही. चहा विचारला नाही. पालीत दारात आलेल्याला चहा न विचारणं म्हणजे काय, ते टीचरांना कळलं. ते त्यांनी मुकाट्यानं सोसलं आणि त्या परत फिरल्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला रंग संपले. रंग आणायला टीचर पूर्वीपासून बसनं भाईंदरला आणि तिथून मीरा रोडला शांती नगरात जात. तिथल्या सेक्टरांच्या गजबजाटात गुणवंतभाईंचं स्टेशनरीचं दुकान. गुणवंतभाई गुजराती, टीचर पालीच्या, आणि दोघांची भाषा हिंदी. वीस वर्षांत दोघांनी एकमेकांची खोडी काढली नाही अशी एक खेप गेली नव्हती.

"लाल दे दो, बारा बाटली," टीचर म्हणाल्या.

"फिर से लाल?" गुणवंतभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पिछले महिने आठ ले गयी थी आप. नीला तो आप लेती ही नहीं अब. क्या टीचर, बच्चों को लाल पिला रही हो क्या?"

एरवी टीचरांनी त्यांना चार शब्द ऐकवले असते. या वेळी त्या नुसत्या म्हणाल्या, "लगता है." आणि परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन विचार करत बसल्या. बारा पोरं. आठ बाटल्या. खरंच, एवढा लाल जातो कुठे? नाताळ जवळ आलाय, पोरांनी तारे रंगवले, त्यात गेला असेल. सांडतातही मेली. उत्तनचा चढ आला आणि त्यांनी तो विचार सोडून दिला. तो जर त्यांनी तिथंच धरून ठेवला असता तर? पण आपल्याला हवं ते खरं मानायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

नाताळ आला नि गेला. व्हेनेसाच्या घरावर त्या वर्षी तारा लागला नाही. जानेवारीत वर्ग पुन्हा सुरू झाला, आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत टीचरांनी डोकी मोजली. अकरा.

ॲलिशा नव्हती. तिचा डबा उघडा होता, पोळीला हात लावलेला नव्हता. आणि टेबलावरची लाल बरणी जाग्यावर नव्हती.

शेजारणीला पोरांकडे बघायला सांगून टीचर निघाल्या. दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत मधूनमधून लाल थेंब पडले होते. काही ताजे होते. पण काही वाळलेले, जुने, पायांखाली घासून फिके झालेले. टीचर रोज याच वाटेनं चर्चला जायच्या. त्यांनी ते थेंब याआधी पाहिले होते आणि पोरांच्या पायांनी आले असतील म्हणून सोडून दिले होते. आता त्या भरभर चालायला लागल्या. थेंब घरांमागून, बोंबलांच्या बांबूंखालून किनाऱ्याकडे गेले होते.

उलटी बोट गावाकडून निळीच दिसत होती. टीचर वळसा घालून तिच्या समुद्राकडच्या बाजूला गेल्या. तिकडे कुणी जात नसे.

तळ लाल होता. वाळूपासून साधारण अडीच फुटांपर्यंत, चार वर्षांच्या पोरीचा हात पोचेल तिथपर्यंत, आणि बोटीच्या एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत. ठशांवर ठसे. जुने ठसे दवानं ओघळले होते, त्यांच्यावर पुन्हा नवे. जिथं तिला ताणून हात पोचवावा लागला होता तिथं नुसती बोटांची टोकं उमटली होती. त्याच्या वर सगळा निळा. ॲलिशा टाचा उंचावून उभी होती. बरणी वाळूत रोवलेली, फ्रॉकवर लाल, कुरळ्या केसांत लाल.

तिनं मागे वळून बघितलं. पकडले गेल्याची भीती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. उलट कुणीतरी आलं याचं बरं वाटलं असावं.

"टीचर, वर हात पुरत न्हाय," ती म्हणाली. "तुमी लावा ना. वरच खरा लावाचा असतो. खालचा पान्यात जातो."

टीचर तिच्याजवळ गेल्या. मग त्यांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुला?"

"कार्ल काका बोलला ना. लाल असता तर दिसला असता. मी झोपली न्हवती." ती हातावरचा वाळलेला रंग खरवडायला लागली. "मी निळा मागितला. पप्पा लाल लावत व्हता. मी रडली म्हनून न्हाय लावला." मग मान वर करून, अगदी कामाचं विचारावं तसं तिनं विचारलं, "सगळी लाल झाली की पप्पा दिसेल ना त्यांना?"

म्हणजे तीन महिने. त्या निळी बरणी कपाटावर लपवत होत्या, नारिंगी माड काढून घेत होत्या, दारात चहाविना उभ्या राहून वचन देत होत्या, आणि ही वर्गात परत आल्यापासून त्यांच्याच टेबलावरचा रंग ओंजळीओंजळीनं इथं आणत होती. आई बाजारातून यायच्या आत, डब्याच्या सुट्टीत, एकटी. लाल हात घेऊन परत वर्गात येऊन बसायची. लाल हात तर वर्गात सगळ्यांचेच असायचे. टीचरांनी त्यातले तिचे हात किती वेळा नळाखाली धुतले होते. त्या वाळूत बसल्या, साडीसकट.

"ॲलिशा, इकडे बघ. माझ्याकडे." त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. "तू बोट निळी मागितलीस. ते होमवर्क होतं. होमवर्क मी दिलं होतं. तळाचं पप्पानं मला विचारलं, तुला नाही. मी सांगितलं निळा लाव म्हणून. बावतीस आजोबा नको बोलत होते, मी ऐकलं नाही. चूक टीचरची आहे. तुझी नाही. कळलं?"

"टीचरची चूक?"

"टीचरची."

ॲलिशानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. टीचर चुकतात ही गोष्ट तिला नवीन होती. मग ती म्हणाली, "मग तुमी पन लावा. वरचा."

"लावते. पण बाय..." इथं लूर्डस टीचर अडखळल्या. हो म्हणणं सोपं होतं. दिसेल म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. निळा गावाला गेलाय म्हणाल्या होत्या तसं. "पण पप्पा नाही दिसणार. लाल लावला तरी नाही. तो आता नाही येणार, बाळा. मला यायला उशीर झाला. आपल्या सगळ्यांनाच उशीर झाला."

ॲलिशा रडली नाही. खूप वेळ ती हातांकडेच बघत होती. समुद्र तिच्या मागे होता आणि जानेवारीच्या उन्हात तो खरोखरच निळा होता, टीचरांनी ओट्यावरून दाखवला होता अगदी तसा. टीचरांना तो बघवेना.

"तरी पन लावू या," ॲलिशा शेवटी म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा पप्पा असंल तर."

टीचर उठल्या. पदर खोचला, दोन्ही हात बरणीत बुडवले आणि जिथं पोरीचा हात पोचत नव्हता तिथून वर सुरुवात केली. खाली एक जुना निळा ठसा होता, पाच बोटांचा, जुलैतला. त्याच्याभोवती ॲलिशानं लाल लावला होता, त्याच्यावर लावला नव्हता. टीचरांनीही तो तसाच ठेवला.

रंग बोटीच्या अर्ध्यापर्यंतच पुरला. बरणी पुसून घेतली तरी अर्ध्यापर्यंतच. "उद्या आनखी आनाल?" ॲलिशानं विचारलं, आणि टीचर म्हणाल्या, "आणते." मग दोघी वर्गाकडे परत निघाल्या, चार लाल हात घेऊन. गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर रिकामी टोपली घेतलेली व्हेनेसा बाजारातून येताना दिसली. तिनं आधी मुलीचे हात पाहिले, मग टीचरांचे, मग त्यांच्या मागे बोटीकडून आलेले लाल थेंब, आणि पोरीला सगळं ठाऊक आहे हे कळून ती जागच्या जागी खाली बसली.